पिशवी काढू नका म्हणालात, मग रक्ताचं काय? तालुक्यातल्या डॉक्टरांना खुलं पत्र

प्रति,
तालुक्यातली सगळी डॉक्टर मंडळी
(प्राथमिक आरोग्य केंद्रातली, ग्रामीण रुग्णालयातली आणि बसस्टँडसमोरच्या गल्लीतली खासगीसुद्धा)

सप्रेम नमस्कार.

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी मेडिकल चालवते. डी. फार्म. केलेलं आहे, परवाना माझ्याच नावावर आहे आणि तुमच्यापैकी निम्म्यांच्या चिठ्ठ्या रोज माझ्या हाताखालून जातात. नाव घालत नाही. गाव लहान आहे आणि दुकान तुमच्याच चिठ्ठ्यांवर चालतं, एवढं कारण पुरे.

बोलायचंय ते लेकरं झाल्यावर ज्या बायांची पाळी बिघडते, अंगावरून भरमसाट जायला लागतं, त्यांच्याबद्दल. पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढायला परवानगी मिळत नाही म्हणून तुम्ही त्यांना परत पाठवता, पण रक्त जायचं थांबत नाही. तुमच्याकडं या बाया फार उशिरा येतात. माझ्याकडं त्याच्या कितीतरी आधी येतात, म्हणून मला जे दिसतं ते तुमच्या कानावर घालावं म्हटलं.

दुपारी दोन-अडीचला दुकानात पुरुष माणूस नसतो. तेव्हा येतात. दुसरं गिऱ्हाईक असेल तर उगीच बाळाच्या साबणाच्या किमती विचारत थांबतात. मग कमरेच्या पिशवीतून एक रिकामी, दुमडलेली स्ट्रिप काढून काचेवर सरकवतात. "ह्याच्यातली द्या." बघितलं तर रक्त जाणं आणि दुखणं कमी करणारी, ट्रॅनेक्सॅमिक आणि मेफेनॅमिक ॲसिडची गोळी. कुणी लिहून दिली म्हणून विचारलं तर जावेला दिली होती, नाहीतर शेजारणीला. "लई जायलंय ताई. आठवा दिवस हाय. मधीच थांबतंय अन् परत सुरू व्हायलंय." चिठ्ठीशिवाय ही गोळी मला देता येत नाही. चिठ्ठी आणा म्हटलं की बाई मान हलवते, स्ट्रिप परत पिशवीत घालते आणि निघून जाते. तुमच्याकडं येत नाही, हे मला पक्कं माहीत आहे, कारण पुढच्या महिन्यात तीच रिकामी स्ट्रिप घेऊन ती परत येते.

पॅडच्या विक्रीवरूनही कळतं. एका पुड्यावर जिचं भागायचं, ती तीन पुडे न्यायला लागते. आणि ज्या पॅड घेतच नाहीत, जुन्या सुती लुगड्याच्या घड्या वापरतात, त्यांचं तर मला काहीच कळत नाही. एप्रिल-मे महिन्यात गावात टँकर सुरू झाल्यावर त्या घड्या कशानं धूत असतील आणि कुठं वाळवत असतील, याचा विचार तुम्ही करून बघा. आणखी एक खूण सांगते. शेजारच्या स्टेशनरीवाल्याकडं पाटीवरच्या पेन्सिलीचे पुडे नेणाऱ्या बाया बघा. घरात पाटीवर लिहिणारं लेकरू नसतं. पेन्सिल खातात. कुणी भाजकी माती खातं, कुणी कच्चे तांदूळ. अंगातलं लोह संपलं की असली इच्छा होते हे तुम्ही शिकलात, मीही शिकले. सासू मात्र म्हणते, हिला वाईट खोड हाय.

आता यातली एक गंमत. पाळीच्या गोळ्यांची सगळ्यात जास्त विक्री माझ्याकडं कधी होते? गौरी-गणपतीत आणि नवरात्रात. पाळी पुढं ढकलायची नॉरेथिस्टेरॉनची गोळी. ती न्यायला नवरा स्वतः येतो, किंमत विचारत नाही, उलट "दोन पाकिटं देऊन ठेवा" म्हणतो. देवाचं आडायला नको. तोच नवरा बाई आठ-आठ दिवस पडून असताना सोनोग्राफीचे पैसे काढायला पोळ्यापासून दिवाळीपर्यंत थांबवतो. यात तुमचा दोष नाही, पण तुमच्या दारात ती उशिरा का येते याचं उत्तर यात आहे.

माझं स्वतःचं थोडक्यात सांगते. दुसरं बाळंतपण सिझरचं. अंगावरचं दूध तोडल्यावर पाळी सुरू झाली ती पहिल्यासारखी राहिलीच नाही. दोन पॅड एकावर एक लावून वर कापडाची घडी, गडद रंगाचा ड्रेस, आणि काउंटरमागच्या स्टुलावरून उठताना आधी मागं बघायचं, ही सवय लागली. रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या गाठी पडायच्या. गोळ्यांच्या राशीत बसणारी मी, तरी हे चालायचंच म्हणून काढलं, कारण आईनंही असंच काढलं होतं. शेवटी एका खासगी दवाखान्यात गेले. सोनोग्राफीत पिशवी मोठी दिसते म्हणाले. आणि पुढचं वाक्य: "दोन लेकरं झाली ना? मग आता पिशवीचं काय काम? काढून टाका, कटकट संपली." माझं एच.बी., म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, किती, हे तोवर कुणी बघितलेलंसुद्धा नव्हतं. नंतर मेडिकल कॉलेजला दाखवलं तेव्हा ते आठच्या खाली निघालं. तिथल्या शिकाऊ डॉक्टरीणबाईंनी मात्र नीट बसवून विचारलं. दिवसाला किती पॅड लागतात, रात्री बदलायला उठावं लागतं का, गाठी केवढ्या असतात, लग्नाआधी पाळी कशी होती, तांबी बसवलीय का, थायरॉईड तपासलंय का. दहा मिनिटं लागली असतील.

निदान निघालं ॲडिनोमायोसिस. पिशवीच्या आतलं अस्तर पिशवीच्या स्नायूतच शिरून वाढतं, त्यानं पिशवी सुजल्यासारखी मोठी होते, दुखतं आणि जास्त जातं. मूल झालेल्या बायांत हे जास्त दिसतं. मला हार्मोनची तांबी बसवली, ती रोज अगदी थोडं लिव्होनॉरजेस्ट्रेल नावाचं हार्मोन आतल्या आत सोडते आणि अस्तर पातळ ठेवते. सुरुवातीचे काही महिने थेंब-थेंब डाग लागून जीव वैतागला होता, काढूनच टाकावी असं वाटलं. मग पाळी इतकी कमी झाली की आता पँटीलायनरवर भागतं. पिशवी जागेवर आहे.

हे सगळ्यांना लागू पडेल असं माझं म्हणणं नाही. कुणाला गाठ असते, कुणाला पॉलिप म्हणजे अस्तरावर वाढलेला कोंब, कुणाचं थायरॉईड बिघडलेलं असतं, कुणाची बीजं वेळेवर फुटत नाहीत म्हणून पाळी दोन महिने येत नाही आणि आली की धो धो येते. साध्या तांब्याच्या तांबीनंही पाळी वाढते, आणि बसवताना ते बाईला सांगितलेलं नसतं. आमच्याकडं बायांना विचारा, कधीपासून जास्त जातं? उत्तर येतं, "आप्रेशन झाल्यापासून." चोवीस-पंचविसाव्या वर्षी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया होते, त्यानंतर गाठी आणि ॲडिनोमायोसिसची वयं सुरू होतात, म्हणून सगळा आळ नळ बांधण्यावर जातो. नळ बांधल्यानं पाळी वाढत नाही हे तुम्हाला माहीत आहे. पण "तसं काही नसतं" एवढं म्हणून तुम्ही तिला परत पाठवता, तेव्हा तिचं जास्त जाणंही तुम्ही खोटं ठरवता.

आता मुख्य मुद्द्यावर येते. 2019 साली आपला जिल्हा देशभर गाजला. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या पिशव्या काढल्याची बातमी आली, विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. 82,309 ऊसतोड बायांची पाहणी झाली आणि त्यातल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. कित्येक जणी पस्तिशीच्या आतल्या. मग जिल्ह्यात पिशवीच्या शस्त्रक्रियेवर नजर आली, परवानगीची अट आली. केंद्रानं 2022 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि एप्रिल 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानं राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. हे सगळं व्हायलाच हवं होतं. माझ्याच ओळखीच्या एकीची तिशीत पिशवी काढली, बरोबर बीजकोशही काढले, ते तिला कुणी सांगितलं नाही. वर्षभरात अंगातून वाफा, झोप नाही, सांधे धरलेले. टोळीत गेली तर मोळी उचलता येत नाही. तिला वाटतं भूल चढवली त्याचं हे.

पण त्या गाजावाजात एक गोष्ट राहून गेली. त्या बाया दवाखान्यात उगीच गेल्या नव्हत्या. कुणाला पांढरं जायचं, कुणाचं पोट दुखायचं आणि कितीतरी जणींच्या अंगावरून खरोखर जास्त जात होतं. फडावर कोप म्हणजे पाचटाची झोपडी, संडास नाही, न्हाणी नाही, पहाटे अंधारात कोयता हातात. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. एकीनं दांडी मारली तर खाडा दोघांचा, आणि मुकादम तो उचलीतून, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशांतून, कापतो. अशा बाईला पाळीत चार दिवस बसून राहता येत नाही. पिशवी काढा म्हणणारा डॉक्टर लुटारू असेलही, पण तिच्या त्रासावर उपाय आहे असं म्हणणारा तिला भेटलेला तो एकटाच होता. आज तुम्ही परवानगी मिळत नाही म्हणून तिला परत पाठवता. ठीक. मग रक्ताचं काय? पिशवी वाचली, बाई तशीच गळतेय. दसऱ्याच्या आसपास टोळ्या निघायच्या आधी माझ्याकडं या गोळ्यांची मागणी वाढते, चिठ्ठीशिवाय. सहा महिन्यांची बेगमी. तुमच्या परवानगीच्या रजिस्टरात हे येत नाही.

पिशवी काढणं आणि सोसत राहणं यांच्या मधे भरपूर काही आहे, आणि त्यातलं बरंच तुमच्या तालुक्याच्या दवाखान्यात होऊ शकतं. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड फक्त जास्त जाण्याच्या दिवसांत घ्यायचं, चार-पाच दिवस, त्यानं जाणं निम्म्याच्या आसपास कमी होऊ शकतं. पायात कधी रक्ताची गुठळी झाली होती का, एवढं आधी विचारायचं. बाया ही गोळी अंगावर डाग दिसला की खातात, नाहीतर महिनाभर रोज खातात, कारण कधी थांबायचं ते कुणी सांगितलेलं नसतं. मेफेनॅमिकनं दुखणंही कमी होतं. आणि छाया गोळी. आशाताईच्या पिशवीत फुकट आहे, लखनौच्या सरकारी संशोधन संस्थेत तयार झालेली, आपल्याच देशाची. ती पाळणा लांबवायला दिली जाते, पण त्यातलंच ऑरमेलोक्सिफेन स्त्रीरोगतज्ज्ञ जास्त रक्तस्रावासाठीही लिहितात. मी चिठ्ठ्यांवर वाचलंय, शहरातून आलेल्या चिठ्ठ्यांवर. तुमच्या चिठ्ठीवर अजून नाही. हार्मोनच्या गोळ्या आहेत, हार्मोनची तांबी आहे. तिला काही हजार लागतात, पण पिशवीच्या ऑपरेशनच्या खर्चापुढं ते कमीच आहेत आणि ती वर्षानुवर्षं चालते.

लोहाबद्दल थोडं जास्त बोलते, कारण इथं मला रोज राग येतो. सर्वसाधारण पाळीत तीस-चाळीस मिलिलिटर रक्त जातं. ऐंशीच्या वर गेलं तर ते जास्त, असं पुस्तकात आहे. मिलिलिटरमागं साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह जातं. आणि भाकरी, डाळ, मेथीच्या भाजीतून दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच अंगी लागतं. हिशेब तुम्हीच करा. जिचं शंभर-दीडशे मिलिलिटर जातंय तिला "गूळ-शेंगदाणे खा, बीट खा" सांगून भागणार नाही. लोहाची लाल गोळी दिली तर कशी घ्यायची तेही सांगा. चहाबरोबर घेतलेली गोळी बरीचशी वाया जाते, आणि आमच्या बाया चहाबरोबरच घेतात. लिंबूपाण्याबरोबर घ्या, कॅल्शियमच्या गोळीबरोबर नको, शौचाला काळं होईल, घाबरू नका. एच.बी. बरं झाल्यावरही काही महिने चालू ठेवा. ही चार वाक्यं आहेत. मी काउंटरवरून सांगते, पण पांढऱ्या कोटातून आलं की ऐकलं जातं, हा अनुभव आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायांत रक्त कमी निघालं, त्याआधीच्या फेरीपेक्षा जास्त. त्या सगळ्या कमी खातात म्हणून तसं झालं, असं आपण समजून चाललोय. त्यातल्या किती जणींचं पाळीतून जातंय, हे कुणी विचारलंय का?

विचारायची वेळही असते. बाळंतपणानंतर आशाताई 42 दिवसांपर्यंत घरी येते. नंतरही 15 महिन्यांपर्यंत येते, पण ते बाळाचं वजन आणि खाणं बघायला. 42 दिवसांनंतर आई तिच्या भेटींच्या कार्डावरून उतरते. लसीकरणाच्या दिवशी तीच आई लेकराला घेऊन तुमच्याच व्हरांड्यात तास-दोन तास बसलेली असते. ओठ पांढरेफटक. सिस्टर बाळाचं वजन घेतात, सुई देतात, तापाचं औषध देतात आणि पुढचीला बोलावतात. अंगावर पिणाऱ्या लेकराच्या आईची पाळी उशिरा सुरू होते, म्हणजे जास्त जाण्याची तक्रार 42 दिवसांत बहुतेक दिसतच नाही. ती गोवराच्या लशीच्या वेळी दिसेल, दीड वर्षाच्या डोसाच्या वेळी दिसेल. त्या व्हरांड्यात एक प्रश्न विचारायला सांगा: पाळी सुरू झाली का, आणि किती जातं? पॅड किंवा घडी तास-दोन तासांत बदलावी लागते का, रात्री उठावं लागतं का, सात दिवसांच्या वर चालते का. एकीला तरी हो आलं, तर बोटातून एच.बी. काढायची सोय तिथंच असते.

तुमच्याकडून एवढंच मागणं आहे. त्या बाईला आधी गरोदर आहे का ते तपासा, आतून बघा, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाचा आजार असेल तर वेळेत कळेल. संबंधानंतर किंवा पाळी सोडून मधेच डाग लागत असतील तर हे अजिबात टाळू नका. चाळिशी ओलांडलेली असेल तर अस्तराचा तुकडा तपासायला वरच्या दवाखान्यात पाठवा. पाठवताना नुसतं "बीडला जा" म्हणू नका, काय झालंय, काय दिलंय, एच.बी. किती, हे चिठ्ठीवर लिहून द्या, नाहीतर तिथला डॉक्टर पहिल्यापासून सुरू करतो आणि बाई मधेच सुटून जाते. औषधांना तीन पाळ्यांचा वेळ द्या. आणि पिशवी काढावीच लागली, तशी वेळ येते, मोठ्या गाठी असतात, कर्करोग असतो, काही जणींना सगळं करूनही आराम नसतो, तर काढा. माझ्या मावशीची काढली, ती आज ठणठणीत आहे आणि "आधीच का नाही काढली" म्हणते. फक्त बीजकोश ठेवणार की काढणार, ते सही घ्यायच्या आधी बाईला सांगा. नवऱ्याला नव्हे, बाईला.

काही जण म्हणतील, ओपीडीत शंभर पेशंट असतात, एकेकीला दहा मिनिटं कुठून द्यायची. मान्य. म्हणून मी एक काम केलंय. ए-फोरच्या एका पानावर हे प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून काढलेत, शेजारी रुपयाच्या नाण्याएवढा गोल काढलाय, किती पॅड लागले त्याच्या चौकटी आहेत, म्हणजे वाचता न येणारीसुद्धा रेघा मारून आणू शकेल. रिकामी स्ट्रिप घेऊन येणाऱ्या बाईला आता मी हे पान देते आणि पुढच्या पाळीत भरून तुमच्याकडं न्यायला सांगते. तिनं तुमच्यासमोर ते ठेवलं तर बघा, बाजूला सारू नका. पानात काही चुकलं असेल तर तुम्ही दुरुस्त करून द्या, तुमच्या दवाखान्याचा शिक्का मारून दिलात तर आणखी बरं. झेरॉक्सचा खर्च माझा. दुपारी दोन ते चार दुकानात गर्दी नसते, तेव्हा कंपाउंडरबरोबर निरोप धाडला तरी चालेल.

आपली,
काउंटरपलीकडची